दगडापलीकडचा निरोप: तिसऱ्या भागावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

माझ्या यानकथेच्या तिसऱ्या भागावर तुम्ही नंदगडहून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा मुद्दा आधी सांगते. यान ग्रहापासून 400 किलोमीटर उंचीवर, तुकडी 2,800 मीटर खोल विवरात अडकलेली, आणि कप्तान तिच्याशी फोनवर बोलावं तशी बोलते. तुम्ही लिहिलंत, "आमच्या विहिरीत चाळीस फुटांवर रेंज जाते, तुमचं यान काय करालंय? सिल्क्यारा बोगद्यातल्या 41 जणांशी 2023 सालीसुद्धा पाइपातूनच बोलावं लागलं. यापेक्षा सरळ मंत्र मारला म्हणा."

तुमचा अर्धा आक्षेप मला मान्य आहे. तो कुठला, ते सांगते.

साध्या रेडिओचा विचार मीही केला होता. खडक विजेला थोडी जरी वाट देत असला तरी लहरी गिळतो, आणि कंपनं जितकी जास्त तितकं लवकर गिळतो. मध्यम प्रतीच्या खडकात सेकंदाला 10 लाख कंपनांची लहर दर पाच मीटरला 37 टक्क्यांवर येते. मोबाइलची कंपनं त्याच्या कितीतरी पट. कंपनं सेकंदाला 100 वर आणली, तर तीच घट व्हायला 500 मीटर लागतात. म्हणजे खोल जायचं तर लहर संथ हवी. पण 100 कंपनांची लहर 3,000 किलोमीटर लांब असते, काश्मीर ते कन्याकुमारी जवळपास एवढी. तिच्यासाठी यानाला अँटेना किती मोठी लागेल? म्हणून रेडिओ सोडला आणि न्यूट्रिनो हा अणूहूनही सूक्ष्म कण धरला.

हा मंत्र नाही. हे कण खडकातून अडल्याशिवाय जातात. सूर्याकडून आलेले सुमारे 6,500 कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात, रात्रीसुद्धा, कारण तेव्हा ते पृथ्वी ओलांडून खालून येतात. आणि त्यांचा शोध घ्यायला माणसं खोल खाणीतच गेली, हे मला फार भावतं. कर्नाटकातच, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, 2.3 किलोमीटर खोलीवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत 1965 मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. वरचा खडक बाकीच्या कणांचा गोंगाट अडवतो. कथेतलं विवर एवढं खोल ठेवलं, ते कोलार डोळ्यांसमोर ठेवूनच.

न्यूट्रिनोवरून निरोपही गेला आहे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या सूक्ष्म कणांच्या प्रयोगशाळेत एक किलोमीटरवर, त्यातला 240 मीटर खडक भेदून, एक शब्द पाठवला गेला. शब्द होता 'न्यूट्रिनो'. वेग मात्र दहा सेकंदांना एक बिट, म्हणजे एक 'हो' किंवा एक 'नाही'. खडकात न अडणारा कण टिपणाऱ्या यंत्रातही सहसा अडत नाही, म्हणून ते यंत्रच 170 टनांचं होतं. माझ्या तुकडीकडे ते पत्र्याच्या ट्रंकेएवढं आहे. कथेसाठी एवढं एकच खोटं मी मागून घेतलंय, आणि ते खोटंच आहे.

आता तुमचा बरोबर अर्धा. तो वेग मी पहिल्या भागात स्वतःच मान्य केला होता आणि तिसऱ्या भागात विसरले. आपली अक्षरं, काना, मात्रा, अनुस्वार धरून एका चिन्हाला सहा बिट लागतील, म्हणजे एका चिन्हाला एक मिनिट. 'पाणी' म्हणायला चार मिनिटं. 'थांबा' म्हणायला पाच, आणि तोवर छत खाली आलेलं असेल. तिथे कप्तान चार-चार वाक्यं बोलते, ही माझी सरळ चूक आहे. शिवाय तुकडी उत्तर कशानं देते? न्यूट्रिनोचा झोत सोडणारं यंत्र पाठीवर घेऊन कोणी विवरात उतरत नाही. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचं पत्र वाचल्यावर मला रात्रभर तेच छळत राहिलं.

उत्तर सापडलं ते लहानपणात. आजोळी खानापूर रस्त्याला विहीर खणत होते तेव्हा मामा काठावर दोर धरून उभा असायचा. खालून मारलेली आरोळी घुमून नुसता नाद वर येई, शब्द कळत नसे. म्हणून दोराचे झटके ठरलेले. एक झटका, बुट्टी वर घ्या. दोन, थांबा. सलग झटके आले तर आधी माणूस वर. मामा त्या वेळी कुणाशी बोलत नसे, सगळं लक्ष हातात.

तर नवीन लिहिलेल्या भागात निघण्यापूर्वीच बत्तीस निरोपांची यादी ठरते. पाच बिटांत एक निरोप, पन्नास सेकंदांत खाली पोचतो. आणि खालची माणसं हातोड्यानं खडकावर ठोके मारतात. घट्ट खडकात हा हादरा सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदात वर. यानानं जमिनीवर टाकलेले कंपनमापक तो ऐकतात. वरून संथ निरोप, खालून झटपट ठोके. छत हलू लागलेलं असताना कप्तानला बत्तिसातला एकच निरोप निवडायचा आहे आणि पन्नास सेकंद वाट बघायची आहे. सलग संवादापेक्षा हे लिहिणं मला कितीतरी अवघड गेलं, पण कप्तान मला इथेच पहिल्यांदा नीट दिसली.

यानातली मुलं खानापूरकडची बोली का बोलतात, हा तुमचा दुसरा प्रश्न. ती तिकडची आहेत म्हणून. त्यात बदल करणार नाही.

तिसरा भाग येत्या रविवारी बदलून टाकते. तोवर एक विनंती. तुमच्याकडे विहिरीच्या कामात दोराचे आणखी कोणते झटके ठरलेले असत? सुरुंगाची वात पेटवल्यावर खालचा माणूस काय खूण करी, हे मामाला विचारायचं राहून गेलं. तुमच्या घरात कोणाला आठवत असेल तर कळवा. यादीतल्या तीन जागा अजून रिकाम्या आहेत.