87 फ्लॉप्या
शनिवारी बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात माझा अपमान झाला. तोही सहा बिजागऱ्या घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून.

दुकानाचं बिलिंग मी वेब अ‍ॅप म्हणून केलेलं, ब्राउझरमध्ये गुपचूप चालत होतं. पण शेठना डेस्कटॉपवर आयकॉन हवा. "ब्राउझर उघडला की पोरगं क्रिकेट बघतं." मग तेच सगळं इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे वेब अ‍ॅपचं डेस्कटॉप अ‍ॅप करणाऱ्या साधनात, गुंडाळलं. त्यात आपल्या दोन फॉर्मांबरोबर येतं अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं). मुलगी बघायला पाच जण बोलवावेत आणि वऱ्हाड उतरावं. इन्स्टॉलर सव्वाशे एमबी. पेनड्राइव्ह लावला, डबल क्लिक केलं, तर निळी पाटी: प्रकाशक अनोळखी. (ओळख पटवणारं सर्टिफिकेट विकत मिळतं. शेठनी मला चहा पाजला होता, सर्टिफिकेट नाही.)

"व्हायरस आहे," बिजागरीवाले काका म्हणाले.

"नाही हो काका. 'अधिक माहिती' दाबायचं, मग 'तरीही चालवा'."

"व्हायरसही हेच सांगेल."

शेठ हसले. ते हसायला नको होते.

काका बँकेतून निवृत्त. "केवढं आहे हे?" मी खरं बोललो, तिथेच चुकलं. काकांनी बिजागऱ्यांच्या खोक्यावर पेन्सिलीने चक्क भागाकार मांडला. "एका फ्लॉपीत 1.44. म्हणजे 87 फ्लॉप्या! आमच्या शाखेचा दिवसभराचा हिशोब एका फ्लॉपीत जायचा. तुमच्यात आहे काय एवढं?"

"क्रोमच म्हणा."

"ते तर इथे आहेच की!" काकांचं बोट थेट स्क्रीनवर.

उत्तर होतं माझ्याकडे. 2022 मध्ये टाउरीची, म्हणजे इलेक्ट्रॉनचंच काम करणाऱ्या दुसऱ्या साधनाची, 1.0 आवृत्ती आली. ते संगणकातलाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरतं, काही एमबींत भागतं. पण मग रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेशी गाठ, शिवाय विंडोजवर एक इंजिन, मॅकवर दुसरं, आणि इथे नीट दिसणारी तारीख तिथे वाकडी. शेठ देतात त्या पैशांत जावास्क्रिप्टच बसतं. आणि मलाच का? व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड, सगळे इलेक्ट्रॉनवाले, ज्याचं त्याचं क्रोमियम वेगळं. त्यांच्यापुढे कुणी खोक्यावर भागाकार मांडत नाही.

शेवटी अ‍ॅप सुरू झालं. म्हणजे पांढरी खिडकी आली. चार जीबीचा पीसी घरघरत बसला. शेठनी बिलबुक काढलं, कार्बन सरकवला, काकांचं बिल फाडलं. काकांनी सुटे मोजले, बिजागऱ्या पिशवीत टाकल्या आणि खोकं, भागाकारासकट, काउंटरवर ठेवून गेले.

खिडकी पांढरीच. शेठ चष्मा वर करून डेस्कटॉपकडे बघत राहिले.

"साहेब, आयकॉन जरा मोठा होईल का?"