"बेटावर झोपा, अस्वल येत नाही": त्या फॉरवर्डचा जरा हिशोब करूया

परवापासून तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड आलाय. गाईडचे पैसे वाचवा, अस्वलांच्या जंगलात स्वतःच कनू (वल्ह्यांची लांबट होडी) ट्रिप करा, असं काहीतरी. कॅनडा-अमेरिकेच्या तळ्यांमधून आठवडाभर वल्हवत जायचं, मासे पकडायचे, किनाऱ्यावर तंबू टाकायचा, आणि अस्वलाचं काय तर म्हणे सहा सोप्या टिप्स: बेटावर झोपा, मासा काठावर साफ करून घाण पाण्यात टाका, जेवणाची बॅग झाडाला बांधा, पाठीच्या सॅकला घंटी लावा, तंबूभोवती बेअर स्प्रे मारून ठेवा, आणि तरीही अस्वल आलंच तर मेल्याचं सोंग घ्या.

आता गाईडशिवाय जाता येतं याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, मी पण तसाच जातो. पण या सहातली एकही टिप जशीच्या तशी उचलण्यासारखी नाहीये, आणि एक तर अशी आहे की त्यापेक्षा काहीच न केलेलं परवडलं.

बेटापासून सुरू करू. अस्वल पोहतं हो, आणि मस्त पोहतं, काळं पण आणि ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वल पण. तळ्यातलं बेट म्हणजे त्याच्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडे जाण्यासारखं आहे. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ऑन्टारिओच्या अल्गाँक्विन पार्कमध्ये ओपिआँगो तळ्यावर कॅम्प करणाऱ्या एका जोडप्याला काळ्या अस्वलाने मारलं, आणि ती जागा बेट्स आयलंड, म्हणजे बेटच. बेटावर वारा असतो, डास कमी असतात, म्हणून खुशाल जा, मलाही आवडतं. फक्त बेटावर आहोत म्हणून रात्री जेवणाचा डबा उघडा टाकून झोपू नका, कारण नेमकं हेच होतं, सेफ वाटलं की माणूस ढिला पडतो.

आता मासा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सगळ्यात कमी विचार इथेच केलाय. माझ्या पहिल्या ट्रिपला आम्ही चौघं होतो, संध्याकाळी दोन वॉलआय मासे मिळाले, सगळे खूश. एकाने तंबूपासून वीसेक पावलांवरच्या सपाट खडकावर बसून मासे साफ केले, आतडी समोर गुडघाभर पाण्यात भिरकावली, हात पँटला पुसले आणि तीच पँट घालून झोपला. रात्री काही झालं नाही. सकाळी पाणी भरायला गेलो तर त्या खडकाच्या बाजूच्या चिखलात पंजे उमटलेले, नखांच्या खुणांसकट, आणि खडक अगदी चाटून पुसून स्वच्छ. आम्हाला कुणालाच जाग आली नव्हती. त्या दिवशी नाश्ता कुणी धड केला नाही.

तर मुद्दा असा की उथळ, संथ पाण्यात टाकलेली घाण कुठे जात नाही, तिथेच तळाशी पडून राहते नाहीतर लाटांबरोबर काठाला येते. आणि नियम पण सगळीकडे सारखा नाहीये. अलास्कात सामन माशांच्या नद्यांवर सांगतात की उरलेल्याचे तुकडे करा आणि जोरात वाहणाऱ्या खोल पाण्यात टाका. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या बाउंड्री वॉटर्स नावाच्या तळ्यांच्या जंगलात याच्या बरोबर उलटं, पाण्यात टाकायचंच नाही, कॅम्प आणि पाणी दोन्हीपासून लांब जाऊन पुरायचं. त्यामुळे परमिट काढताना त्या पार्कचा नियम वाचा, सगळ्या जगाला एकच टिप देणाऱ्याचं ऐकू नका. मी काय करतो ते सांगतो, खाणार तेवढाच मासा ठेवतो, बाकीचे सोडून देतो, आणि साफ करायचं काम कॅम्पवर येण्याआधीच उरकतो, बोट आहे ना आपल्याकडे, जरा लांबच्या काठाला लावायची. मग हात, सुरी, फळी सगळं तिथेच धुवायचं, आणि माशाचा वास लागलेले कपडे तंबूत न नेता जेवणाच्या सामानाबरोबर ठेवायचे.

अजून एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच आहे. गळाला लागलेला मासा पाण्यात जी फडफड करतो ना, तो आवाज सामनच्या नदीवरच्या अस्वलाला जेवणाच्या ताटाचा आवाज आहे. अस्वल तुमच्या दिशेने येताना दिसलं तर मासा ओढत बसायचं नाही, लाइन ढिली सोडायची, नाहीतर सरळ कापायची. महागाचं लूर (गळाचं खोटं आमिष) गेलं म्हणून रडू नका, कारण एकदा का त्याला कळलं की गळ टाकणारा माणूस दिसला की आयता मासा मिळतो, की मग तुमच्यानंतर तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे ते लागणार.

बॅग झाडाला बांधा. कशी? फॉरवर्डच्या फोटोत बॅग खोडाला चिकटून डोक्याच्या उंचीवर लटकलेली आहे, तिला टांगणं नाही म्हणत, वाढून ठेवणं म्हणतात. बाउंड्री वॉटर्सचा नियम जमिनीपासून १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट लांब असा आहे, आणि तशी फांदी शोधायला लागलात की कळतं की सडपातळ स्प्रूसच्या जंगलात ती मिळतच नाही, अंधार पडल्यावर तर नाहीच. त्यापेक्षा सर्टिफाइड कडक डबा घ्या. हे डबे माँटानातल्या वेस्ट यलोस्टोनला खऱ्याखुऱ्या ग्रिझलींसमोर टाकून टेस्ट करतात, आत खायला ठेवून, आणि तासभर अस्वलाने आदळून-चावून पण उघडला नाही तर पास. कनूवाल्यांचे लाडके निळे प्लॅस्टिकचे बॅरल असतात ना, ते पाण्यासाठी एक नंबर, तरंगतात, वास पण बराच कमी सुटतो, पण बेअरप्रूफ म्हणून सर्टिफाइड नाहीयेत, हे बऱ्याच जुन्या लोकांना पण माहीत नसतं. काही ठिकाणी ही कटकटच नाही. ब्रिटिश कोलंबियात बाउरन लेक्सचं ११६ किलोमीटरचं सर्किट आहे, तिथे कॅम्पसाइटवर बेअर कॅश, म्हणजे अस्वलाला न उघडणाऱ्या पेट्या दिलेल्या आहेत, सामान आत टाका, कडी लावा, झोपा. आणि सामान म्हणजे फक्त जेवण नाही, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, सगळं.

घंटीबद्दल दोन वाक्यं पुरेत. तिचा आवाज फार लांब जात नाही आणि वाहत्या पाण्याजवळ तर तुम्हालाच ऐकू येत नाही. पोर्टेजवर, म्हणजे कनू डोक्यावर घेऊन एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे चालताना, तोंडाने मोठ्याने बोला, हाका मारा, कारण कनू डोक्यावर असली की समोरचं चार पावलांच्या पुढे तसंही दिसत नाही.

आता ती "परवडलं" वाली टिप, तंबूभोवती स्प्रे. बेअर स्प्रे म्हणजे डास पळवायची कॉइल नाही. तो मिरचीतल्या कॅप्सायसिनचा ढग आहे, समोरून येणाऱ्या अस्वलाच्या नाकाडोळ्यांत जायला हवा, तेव्हाच काम करतो. जमिनीवर मारून वाळला की उलटाच प्रकार, टॉम स्मिथ नावाच्या संशोधकाने १९९८ मध्ये अलास्काच्या तपकिरी अस्वलांबद्दल लिहिलंय की स्प्रे पडलेल्या जागेकडे ती आकर्षित होतात, तिथे लोळतात पण. म्हणजे आपण तंबूला फोडणी देऊन अस्वलाला आवतण धाडल्यासारखं झालं. नीट वापरला तर मात्र स्प्रेसारखी गोष्ट नाही. याच स्मिथ आणि स्टीफन हेरेरो वगैरेंनी २००८ मध्ये अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना तपासल्या, त्यात स्प्रेने तपकिरी अस्वल ९२ टक्के वेळा आणि काळं ९० टक्के वेळा थांबलं. पण त्याची रेंज २५-३० फूट आणि कॅन संपतो काही सेकंदांत, त्यामुळे तो सॅकच्या तळाशी नाही, छातीवर किंवा कमरेला हवा, झोपताना हाताशी हवा, आणि सेफ्टी क्लिप एका हाताने काढायची प्रॅक्टिस घरूनच करून जा. विमानात नेता येत नाही, चेक-इनच्या बॅगेत पण नाही, तिथे पोचून विकत घ्यायचा. फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जाणार असाल तर पायलटला आधी सांगा, तो कॅन केबिनमध्ये न ठेवता खाली फ्लोटच्या कप्प्यात टाकतो, का ते बंद केबिनमध्ये कॅन फुटला तर काय होईल याचा विचार केलात की कळेल.

शेवटची टिप, मेल्याचं सोंग. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. ग्रिझली पिल्लांसाठी किंवा अचानक दचकून अंगावर आली आणि तिने खरंच पकडलं, तर पालथं पडायचं, सॅक पाठीवर राहू द्यायची, हात मानेमागे गुंफायचे, पाय फाकवायचे म्हणजे ती सहज उलथं करू शकत नाही. पण काळं अस्वल तुमचा माग काढत शांतपणे जवळ येत असेल तर सोंग घेणं म्हणजे त्याचं काम सोपं करणं, तिथे ओरडायचं, दगड, वल्हं, जे हातात येईल त्याने मारायचं. हेरेरोच्या टीमने १९०० ते २००९ मधले काळ्या अस्वलांचे जीवघेणे हल्ले मोजले, ६३ माणसं गेली होती, आणि बहुतेक हल्ले पिल्लं वाचवणाऱ्या मादीचे नव्हते, शिकार म्हणून केलेले होते, जास्त करून एकट्यादुकट्या नराने. बळी पडलेले लोक पण बहुतेक एकटे किंवा दोघंच होते. शंभरेक वर्षांत ६३ म्हणजे घाबरून घरी बसायचा आकडा अजिबात नाही, पण तीन-चार जणांनी जा, आणि अस्वल रंगावरून ओळखू नका, काळी अस्वलं तपकिरी पण असतात, खांद्यावरचा उंचवटा बघा, तो ग्रिझलीला असतो.

आणि एवढा मोठा फॉरवर्ड, सहा टिप्स, सहाही अस्वलावर, लाइफ जॅकेट हा शब्दच नाहीये त्यात! मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ नुकताच वितळलेला असतो तेव्हा कनू उलटली तर मॅनिटोबाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा १-१०-१ चा हिशोब लागू होतो: १ मिनिट धाप आवरायला, १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण १ तासाने थंडीने शुद्ध जाते. लाइफ जॅकेट सीटखाली ठेवलेलं असेल तर पहिलंच मिनिट निभत नाही.