ऊकाराला मिळालेला जिल्हा

यादीत भर घालणं सोपं असतं म्हणणाऱ्याला मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेपुढे बसवीन आणि मराठवाड्याचे जिल्हे भरायला सांगीन. यादीचं नाव सरळ 'जिल्हे' ठेवा. पायथन ३ ला देवनागरी नाव चालतं. कमांड तेवढ्या इंग्रजीत टायपायच्या.

१९८० साली जिल्हे पाच. आजच्या नावांनी छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव. १९८१ ला जालना झाला, १९८२ ला लातूर, १९९९ ला हिंगोली. शासनानं एकेक अपेंड केला. अपेंड म्हणजे एक नग, शेवटी, विषय संपला.

घाई आपल्यालाच. तिघांची यादी करून एकदम अपेंड केली, की नग मोजणारं लेन(जिल्हे) सांगतं ६. यादीच्या पोटात यादी! तिथं नग सुटे करून घालणारं एक्स्टेंड लागतं, मग ८ येतात.

पण एक्स्टेंडला चौकटी कंस न देता नुसतं 'लातूर' द्या. पाचाचे थेट १० होतात, कारण त्याला मजकूरही सुटा करूनच घालायचा असतो: ल, काना, त, ऊकार, र. अंबाजोगाई वर्षानुवर्षं जिल्हा मागायलंय, अन् इथं ऊकाराला फुकटात मिळाला. += सुद्धा हेच करतं. साधं + निदान टाइपएरर देऊन चिडतं तरी; मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. फक्त + नवी यादी बनवतं, त्यामुळे जुन्या यादीला दुसरं नाव दिलेलं असेल तर त्या नावाखाली पाचच राहतात.

इन्सर्ट(०, 'जालना') म्हणजे भरल्या एसटीत पहिल्या सीटवर पाहुणा बसवणं: शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. आठ जिल्ह्यांना काही वाटत नाही, लाखभर नोंदींना वाटतं. तिथं डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी भर घालता येणारी रांग, घ्या आणि पुढून घालायला अपेंडलेफ्ट वापरा. इन्सर्ट(-१) शेवटी बसवत नाही, शेवटच्याच्या अलीकडे बसवतं. इन्सर्ट(१००) मात्र गुपचूप शेवटी.

सगळ्यात बेरकी ओळ: जिल्हे = जिल्हे.अपेंड('हिंगोली'). अपेंड जागच्या जागी काम करतं आणि परत देतं नन, म्हणजे 'काहीच नाही'; तेच 'जिल्हे' या नावात जाऊन बसतं. अख्खा मराठवाडा गायब, तक्रार शून्य. बोंब उठते पुढच्या अपेंडला, ननटाइपला अपेंड नाही म्हणून. लोक ती ओळ तपासत बसतात, आणि ती बरोबरच असते. वरच्या ओळीतलं 'जिल्हे =' तेवढं खोडा.