बरणीत भरलेलं मटण वर्षभर टिकत नाही

‘पुराची तयारी म्हणून मटण शिजवून बरणीत भरा, वर तेलाचा थर द्या, झाकण घट्ट लावा, वर्षभर टिकतं,’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. कृपा करून असं करू नका.

२०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्यांनी साठा करावा, हे रास्तच आहे. पण तेलाखाली हवा नसते, आणि बॉट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूला नेमकं तेच मानवतं. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, उकळत्या पाण्यातही जगतात. ते मारायला दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता बरणीच्या मधोमध पुरेसा वेळ टिकावी लागते. घरच्या कुकरात याची खात्री देता येत नाही. वर या विषाला वासही नसतो, चवही नसते. दुहेरी दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं. वेळीच दवाखाना गाठला नाही तर श्वास थांबतो. आणि पुरात रस्ते बंद असतात!

कारखान्यात बंद केलेला डबा चालतो. तारीख बघा. फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला असेल तर चाखूनसुद्धा बघू नका. नाहीतर डाळ, चटणी-भाकरी, शेंगदाणे, चिरमुरे आहेतच.