‘पोह्यांच्या डब्यात लाल माती’ या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर आमचा भाड्याचा कॅम्पिंग ट्रेलर नेलात. पोह्यांच्या डब्यापर्यंत लाल माती गेली, चौथ्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी झाली, एक शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेला आणि वर आम्ही डिपॉझिटमधून ३८० डॉलर कापले. ‘हा कसला ऑफ-रोड ट्रेलर?’ असं तुम्ही विचारलंय. तुमच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

धुळीची चूक पूर्णपणे आमची. ट्रेलर परत आला त्या रात्री शेडमधले दिवे घालवले, किचनच्या कप्प्यात टॉर्च पेटवून ठेवली आणि दार लावलं. खालच्या कोपऱ्यात बोटभर लांब उजेडाची रेघ दिसली. रबराचं सील तिथे दबून चपटं झालं होतं. चालत्या गाडीमागे धुळीचा लोट फिरत असतो आणि ती माती मैद्यासारखी बारीक, तिला एवढी फट पुरते. सील बदललंय. आता टॉर्च लावून पाहिल्याशिवाय एकही ट्रेलर फाटकाबाहेर जात नाही.

टाकीखाली जाड पत्रा होता, पण नळाकडे जाणारी नळी उघडीच होती. खडा लागून तिचा सांधा तडकला. लहान मुलं बरोबर असताना तिथे पाणी संपणं म्हणजे काय, हे मला कळतं. मनापासून माफी मागतो.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं जरा सविस्तर सांगतो, कारण ‘जुना माल लावला होता’ हे तुमचं म्हणणं बरोबर नाही. ऊडनाडाटा ट्रॅक म्हणजे मरी ते मार्ला हा सहाशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, आणि त्यात बराचसा पन्हळी पत्र्यासारखा. प्रत्येक हादऱ्याची शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये उष्णता होते. तेल फार तापलं की फेसाळतं आणि शेवटी सीलमधून बाहेर येतं. ट्रेलर परत आला तेव्हा टायरमध्ये ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा होती, म्हणजे डांबरी रस्त्याचीच. अशा रस्त्यावर आम्ही या ट्रेलरला २८च्या आसपास ठेवतो आणि वेग साठ-सत्तरच्या वर नेत नाही. मग बरेचसे धक्के टायरच खातो. तासाभराने थांबून शॉकअ‍ॅब्सॉर्बरजवळ हात न्यायचा, चटका जाणवला तर चहा करायचा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर निवेपर्यंत बसायचं.

पण हे तुम्हाला सांगितलं कोणी? त्या दिवशी शनिवारची गर्दी होती, वीस मिनिटांत किल्ली दिली आणि हवेचा आकडा फक्त फॉर्मवर छापलेला राहिला. गाडी जोडून, हवा सोडून आणि भरून दाखवणं हे माझं काम होतं. म्हणून ३८० डॉलर पूर्ण परत पाठवलेत, शिवाय पाण्याविना गेलेल्या दिवसाचं भाडंही. यापुढे हे दाखवायला दीड तास राखून ठेवलाय, शनिवारीसुद्धा.

सिम्पसन वाळवंटात ट्रेलर न्यायला आम्ही तुम्हाला नकार दिला, त्यावर मात्र मी ठाम आहे. तिथे एकामागून एक हजाराहून जास्त वाळूच्या टेकड्या आहेत. मागे वजन ओढत चढताना चाकं रुततात, रस्ता उकरला जातो आणि मागून येणारा अडकतो. तिथे तंबू घेऊन जा, सामान कसं लावायचं ते मी बसून ठरवून देईन.

सासूबाईंचा पोह्यांचा स्टीलचा डबा ट्रेलरमध्येच राहिलाय. धुऊन ऑफिसात ठेवलाय; अ‍ॅडलेडमध्ये कुठे राहता ते कळवा, घरी आणून देतो.