कोड खुला आहे, मग डॉक्युमेंटेशन कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. “प्लगइनचा कोड सगळ्यांना खुला आहे, ज्याला हूक हवा तो शोधून घेईल. नव्या सोयी द्यायच्या सोडून पानंच्या पानं डॉक्युमेंटेशन कशाला लिहिताय, तेही मराठीत?” हा तुमचा आक्षेप मला पटत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

हे बिलाचं प्लगइन, म्हणजे साइटला बिलाची सोय जोडणारा प्रोग्राम, सांगलीत हळद, बेदाणा ऑनलाइन विकणाऱ्यांच्या साइटवर चालतं आणि त्या साइट बांधणारे हूकवर, म्हणजे त्यासाठीच ठेवलेल्या जागांवर, स्वतःचा कोड जोडतात. समजा, एकाला हळदपुडीच्या बिलात पॅकिंगचा खर्च धरायचाय. कोडमध्ये त्याला दोन फिल्टर, म्हणजे आलेली रक्कम बदलू देणारे हूक, दिसतील. दोन्हींत रक्कमच येते, पण एक कर लावण्याआधी चालतो, दुसरा नंतर. त्याने दुसरा धरला तरी बिल छापलं जातं, बेरीज जुळते, एरर कुठेच येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मात्र विक्रेत्याने लावलेला पॅकिंगचा खर्च मालाच्या किमतीतच धरायचा असतो. म्हणजे त्यावरचा ५ टक्के कर लागलाच नाही. हे दुकानदाराला कळणार रिटर्न भरताना, नाहीतर थेट नोटीस आल्यावर. “हा फिल्टर करानंतर चालतो, करपात्र खर्च इथे जोडू नका” एवढी ओळ लिहिली असती तर हे टळलं असतं.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. कोड वाचून आज काय होतं ते कळतं, पुढच्या आवृत्तीत काय टिकणार ते कळत नाही. आतली फंक्शनं मी कधीही मोडून नव्याने लिहीन. डॉक्युमेंटेशनमध्ये नोंदवलेल्या हूकना मात्र मुख्य आवृत्ती बदलल्याशिवाय हात लावणार नाही. सेमँटिक व्हर्जनिंगचा, म्हणजे आवृत्तीला क्रमांक देण्याच्या पद्धतीचा, पहिलाच नियम आहे, सार्वजनिक एपीआय जाहीर करा, म्हणजे बाहेरच्यांनी कोडचा कुठला भाग वापरायचा ते सांगा. ते जाहीरच नसेल तर २.४ वरून ३.० झाल्याने वापरणाऱ्याने काय समजायचं? २०१६ साली लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या साठ्यावरून काढलं गेलं आणि ते वापरतोय याची कल्पनाही नसलेल्या कितीतरी जणांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याचं काम, अडले. आपल्या कोडवर कोण विसंबून आहे हे लिहिणाऱ्याला दिसत नसतं, म्हणून शब्द आधी द्यावा लागतो.

राहिली मराठी. इंग्रजी पानं आहेतच. सांगलीच्या विश्रामबागेत नुकती कामाला लागलेली पोरं ही पानं वाचतात, त्यांना कराचा भाग पहिल्या वाचनात कळलाच पाहिजे.

प्रत्येक हूकखाली चालणारं उदाहरण हवं, ही तुमची मागणी अगदी रास्त आहे. पॅकिंगच्या खर्चाचं उदाहरण आधी टाकतो. तुमच्याकडे चालवून बघा आणि कुठे अडलं तर आवृत्ती क्रमांकासकट कळवा.