फी भरून फटाके रेल्वेत नेता येत नाहीत. तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा

परवा रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. "दादा, फटाक्यांची सरकारी फी स्टेशनवर कुठल्या खिडकीत भरायची रे?" मला आधी कळेचना ती काय विचारतेय. मग तिने मेसेज पाठवला. तिला तो सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, भाच्याच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर आला होता आणि मेव्हण्यांच्या ऑफिसातूनही आला होता. मेव्हणे कामानिमित्त इथे नागपुरातच होते. घाऊक भावात फटाक्यांचं खोकं घेऊन झालं होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं स्लीपरचं तिकीट खिशात होतं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: शोभेच्या दारूच्या वाहतुकीवर सरकार 'धोकादायक माल फी' घेतं. ती भरून पावती घेतली की माल कायदेशीर होतो. कुरिअरवाले बिलात जादा आकार लावतात, तो हाच सरकारी कर. पाच किलोपर्यंत रेल्वेत आणि एसटीत फीसुद्धा लागत नाही. ऑनलाइन मागवलं तर फी किमतीतच धरलेली असते. खोक्यावर 'दिवाळी फराळ' लिहा, कोणी उघडून बघत नाही. पकडलंच तर हजार रुपये दंड, तीच फी समजा. आणि शेवटी, हे सगळे नियम फक्त आपल्या सणाच्या आड येण्यासाठी केलेले आहेत.

मी बावीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या बुकिंगला काढली आहेत. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, 'कटलरी' लिहिलेला नग हमालाने पाठीवर घेतला, त्याला गंधकाचा वास आला आणि त्याने तो हळूच खाली ठेवून मला हाक मारली, असा एक दिवस माझ्या वाट्याला आला आहे. आत सुतळी बॉम्ब होते. शेजारच्या थप्पीत थिनरचे डबे होते. त्यामुळे या मेसेजमधली 'फराळ लिहा' ही ओळ वाचून माझं डोकं फिरलं. बाकीच्या ओळी चुकीच्या आहेत, ही ओळ जीव घेणारी आहे. सुरुवात तिच्यापासूनच करतो.

फटाक्यात काय असतं ते आधी बघा. त्यात भरतात ती काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग शोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. यातला शोरा स्वतःच प्राणवायू पुरवतो. म्हणून ही आग घोंगडं टाकून गुदमरत नाही, बंद खोक्यात विझत नाही, उलट कोंडली की फुटते. क्लोरेट (शोऱ्यासारखंच प्राणवायू पुरवणारं रसायन) आणि गंधक एकत्र आलं तर नुसतं घासण्यानेही पेट घेतं. म्हणूनच या मिश्रणावर आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे. तरी गल्लीबोळातल्या मालात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. 'फराळ' लिहिलेलं खोकं हमाल फेकतो, त्यावर बॅगा चढतात, कोणी त्यावर बसतं, कोणी शेजारी मोबाइल चार्जिंगला लावतं. आत काय आहे हे ठाऊक असतं तर यातलं कोणीच काही केलं नसतं. आणि आग लागलीच, तर विझवायला धावणाऱ्यालाही आपण कशाला हात घालतोय ते कळत नाही.

ही भीती मी रचून सांगत नाही. 28 ऑक्टोबर 2024 ला, दिवाळीच्या तोंडावर, जिंदहून दिल्लीकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीच्या डब्यात हरियाणातल्या सांपल्याजवळ आग लागली आणि चौघे जखमी झाले. प्रवाशाच्या सामानातल्या गंधक-पोटॅशकडे तपासाचं बोट गेलं. तीन दिवसांनी, 31 ऑक्टोबरला, आंध्रातल्या एलुरूत दोघे जण दुचाकीवरून 'कांदा बॉम्ब' नेत होते. खड्ड्यात गाडी आदळली आणि अख्खा माल फुटला. एक जण गेला, सहा जखमी झाले. 4 नोव्हेंबर 2021 ला, ऐन दिवाळीत, पुदुच्चेरीच्या सीमेजवळ स्कूटरवरून फटाके नेणारा बाप आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा दोघेही जागच्या जागी गेले. माझा भाचा आठ वर्षांचा आहे.

आता 'हजार रुपये दंड, तीच फी समजा'. हे लिहिणाऱ्याने कलम अर्धंच वाचलंय, किंवा अर्धंच सांगितलंय. रेल्वे अधिनियम 1989, कलम 164: धोकादायक माल बेकायदा रेल्वेत आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या मालामुळे जे नुकसान होईल, कोणाला इजा होईल, त्याची जबाबदारीही त्याच्यावर. मेसेजने यातून हजाराचा आकडा तेवढा उचलला आणि तीन वर्षांची कैद गिळून टाकली. दंड म्हणजे गुन्ह्याची शिक्षा. तो भरला म्हणून माल पुढे नेता येत नाही, माल जप्त होतो आणि गुन्हा नावावर राहतो. डबा जळला तर भरपाईचा हिशेब हजारात होत नाही. मदुराईत 26 ऑगस्ट 2023 ला उभ्या डब्यात प्रवाशांनी लपवून नेलेल्या गॅस सिलिंडरने नऊ माणसं गेली. तिथे फटाके नव्हते, पण 'कोण बघतंय' हा विचार तोच होता.

मेव्हण्यांनी फोनवर मला कलम 67 ऐकवलं. त्यांनी तेवढ्यात ते शोधून काढलं होतं. त्यात म्हटलंय की लेखी सूचना दिल्याशिवाय असा माल नेऊ नये. "म्हणजे सूचना दिली की नेता येतो ना?" वाक्य खरं आहे, हे मला मान्य करावं लागलं. रेल्वे स्फोटकं वाहतेच. त्यासाठी 'रेड टॅरिफ' नावाचं वेगळं नियमपुस्तक आहे, त्यात पॅकिंग कसं हवं, कुठला माल कुठल्या मालाजवळ ठेवायचा नाही, हे सगळं आहे. पण त्याच कलम 67 मध्ये पुढे लिहिलंय की खोक्यावर आत काय आहे ते ठळक लिहिलं पाहिजे, संशय आला तर रेल्वे ते उघडू शकते, आणि माल घ्यायला नकार देऊ शकते. स्लीपरच्या बर्थखाली ठेवायच्या खोक्याला तो नकारच मिळणार. म्हणजे ज्या कलमाचा आधार घ्यायचा, तेच कलम 'फराळ' लिहायला आधी मनाई करतं.

मग ही 'सरकारी फी' आली कुठून? फी आहे, नाही असं नाही. स्फोटक नियम 2008 मध्ये परवान्यांच्या फीचं अख्खं कोष्टक आहे, आणि हे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. पण ती फी भरतो कारखानदार, गोदामवाला, दुकानदार, स्फोटकं वाहणाऱ्या व्हॅनचा मालक. ती फी परवान्याच्या अर्जाची असते, तुमच्या खोक्याची नसते. आरटीओत फी भरली म्हणून कोणी तुम्हाला गाडी चालवू देत नाही, टेस्ट द्यावी लागते. इथेही तसंच आहे. फी भरूनही जागा योग्य नसेल तर अर्ज फेटाळला जातो. दिवाळीतल्या तात्पुरत्या स्टॉलचंच बघा: दोन स्टॉलमध्ये तीन मीटर अंतर, वस्तीपासून पन्नास मीटर, तोंडासमोर तोंड नाही, एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त स्टॉल नाहीत, आत तेलाचा दिवा नाही. 29 ऑक्टोबर 2016 ला औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर शंभराहून अधिक स्टॉल एकामागोमाग पेटत गेले, ते आठवतंय ना? अंतराचा नियम का असतो हे त्या दिवशी सगळ्या शहराने पाहिलं. रस्त्याने माल न्यायचा तर ड्रायव्हरला धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, गाडीवर मालाचा फलक लागतो आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड लागतं, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं याचा कागद. इतकं असूनही 7 ऑक्टोबर 2023 ला कर्नाटक-तामिळनाडू सीमेवर अट्टिबेलेत ट्रकमधून फटाके उतरवताना आग लागली आणि चौदाहून जास्त माणसं गेली. हे ठरलेल्या ठिकाणी, रोज हेच काम करणाऱ्यांच्या हातून झालं. मग स्लीपरच्या डब्यात काय होईल?

कुरिअरच्या आकाराचं थोडक्यात. कुरिअर आणि विमान कंपन्या धोकादायक मालावर जादा आकार लावतात, हे खरं. आमच्याकडे त्याला 'डीजी चार्ज' म्हणत, डीजी म्हणजे 'डेंजरस गुड्स', धोकादायक माल. तो कंपनीचा स्वतःचा आकार असतो, वेगळं पॅकिंग, कागदपत्रांची तपासणी, शिकलेला माणूस, यासाठी घेतलेला. त्यावर जो जीएसटी लागतो तेवढाच सरकारकडे जातो. आणि तो आकार घेऊन ते बॅटऱ्या नेतात, रंग नेतात, अत्तरं नेतात. घरगुती फटाक्यांचं खोकं कितीही आकार दिला तरी घेत नाहीत.

पाच किलोची सूट? प्रवाशाला रेल्वेत अशी सूट नाही, एसटीत नाही. एक फुलबाजीचा डबाही नाही. विमानात ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. टपालातही नाही. घरी उडवायला आणलेल्या पिशवीभर फटाक्यांना परवाना लागत नाही, त्याचाच कोणीतरी असा ताणून अर्थ लावला असावा.

ऑनलाइनचं मात्र थोडं थांबून वाचा, कारण यात पैसे जातात. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात ई-कॉमर्सच्या साइटवरून फटाके विकायला बंदी घातली. तेव्हा 'शिवकाशीहून थेट घरपोच' म्हणणारी साइट दिसली की सावध व्हा. आधी पैसे घेतात, मग फोन येतो: "तुमचं पार्सल अडकलंय, धोकादायक माल फी भरा, लिंक पाठवतो." ज्याने हा मेसेज वाचून सरकारी फी खरी मानली आहे, तो ते पैसे मुकाट्याने भरतो. माझ्या बहिणीने भरले असते. ती शिकलेली आहे, बँकेत काम करते, आणि तरीही तिने मला विचारलं ते 'फी कुठे भरायची' एवढंच. 'अशी फी असते का' हे तिच्या मनातही आलं नाही. असे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

राहिलं सणाच्या आड येण्याचं. स्फोटक कायदा 1884 चा आहे. त्या व्यवस्थेत बंदुकीची दारू वर्ग 1 मध्ये येते, फटाके वर्ग 7 मध्ये, आणि मधल्या वर्गांत खाणीत सुरुंग लावायचा माल. चंद्रपूरच्या कोळसा खाणीला जो कायदा, तोच तुमच्या लवंगी माळेला. कायदा असून सगळं सुरळीत आहे असं मी म्हणत नाही. डिसेंबर 2023 मध्ये बाजारगावला आणि जून 2024 मध्ये धामण्याला कारखान्यांत स्फोट झाले, आमच्या आसपासच्या गावांतली माणसं गेली. तिथे नियम नीट पाळले गेले का, हे जरूर विचारा, मीही विचारतो. पण नियम सैल करा, खोट्या नावाने माल पाठवा, हे त्याचं उत्तर कसं होईल?

रात्री अकराला मेव्हण्यांशी पुन्हा बोललो. त्यांना राग होता तो खोक्यात अडकलेल्या पैशांचा. काल सकाळी आम्ही दोघं ते दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने थोडे पैसे कापून परत घेतलं. भाच्याला भुईचक्रं आणि पाऊस हवा होता, तो पुण्यातच मैदानावरच्या परवानाधारक स्टॉलवरून घेऊन देणार आहेत. आणि बहिणीने तिन्ही ग्रुपवर कलम 164 पूर्ण टाकलं आहे, कैदेच्या ओळीसकट. तुमच्या ज्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल, तिथे तुम्हीही ते टाका.